गोवंडीची गोधडी, अंधेरीची पाटी

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या मावशीवर. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता, अंधेरीतल्या एका गारेगार हॉलमध्ये. वेळ पक्की सांगते, कारण मी तिच्या बाजूलाच उभी होते.

मावशी गोवंडीत आमच्या समोरच्या दारात राहते. माहेर जालन्याकडचं, पण तीस वर्षं इथेच. दुपारी गल्लीत जुन्या साड्या अंथरते आणि गोधडी शिवायला बसते. काठापासून सुरुवात करायची, धावदोरा चौकोनात फिरवत फिरवत आत आणायचा आणि मधोमध थांबायचं, ही तिची पद्धत. सगळे थर काठच धरून ठेवतो. लहानपणी मी सुईत लांबलचक दोरा ओवला की म्हणायची, "येवढा कशाला गं, पतंग उडवतीस का?"

ज्या गोधडीवरून हे घडलं, ती लेकीच्या येणाऱ्या बाळासाठी होती. आतल्या थरात मावशीच्या आईचं लुगडं होतं, शेवटचं उरलेलं. अंधेरीत गोधड्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या एक बाई घरी आल्या. "एक महिना फक्त, काकू. जशी आहे तशी परत." मावशी का-कू करत होती. मीच म्हटलं, दे गं, लोकांना बघू दे. हेही लिहून ठेवते.

त्या शनिवारी आम्ही बघायला गेलो. गोधडी भिंतीवर फ्रेममध्ये होती, चारही बाजूंनी कापलेली.

"काठ कुठंय?" मावशीने विचारलं.

"ते वाकडे होते ना काकू, फ्रेममध्ये बसत नव्हते. थोडे ट्रिम केले," बाई म्हणाल्या.

टाक्यांच्या बाहेरच्या फेऱ्याच कापल्या गेल्या होत्या. थर सुटलेले. घसरू नयेत म्हणून मागे प्लायवूड लावून सगळं गोंदाने चिकटवलेलं. मावशीने बोट लावलं, तेही चिकट झालं. आईच्या लुगड्याला सुताराच्या दुकानाचा वास येत होता. एक मुलगी फ्रेमजवळ नाक नेऊन मैत्रिणीला म्हणाली, "वास पण कसला ऑथेंटिक आहे ना यार."

खाली पाटी होती. मोठ्या अक्षरांत बाईंचं नाव, पुढे 'संकल्पना'. बारीक अक्षरांत 'अनामिक ग्रामीण कारागीर'.

"अनामिक म्हंजे?"

"नाव माहीत नाही असं," मी सांगितलं.

"हिला म्हाईत नाही? दोनदा माझ्या घरी च्या पिऊन गेली की."

बाई हसल्या. "तसं नसतं हो काकू. ही सगळ्यांची परंपरा आहे, एका माणसाची नाही."

"मग तुमचं कसं काय लिवलं वर?"

बाईंनी सुई-दोऱ्याचा डबा पुढे केला. एक कोपरा लोंबतोय, तेवढे टाके घालून द्या, दुपारी पाहुणे येणार आहेत. इथेच बसून करा, फोटो छान येतील.

कापणार या, चिकटवणार या, आणि निस्तरायला ही. वर कॅमेऱ्यापुढे खाली बसायचं.

मावशीने डबा बंद केला. "आधी नाव लिवा. मग सुई धरते."

"पाट्या छापून झाल्यात, काकू."

मावशी चप्पल घालून बाहेर पडली. बसमध्ये ती बोटावरचा गोंद नखाने खरवडत होती.

गोधडी परत येऊन आता उपयोग नाही, प्लायवूडवर बाळ झोपवत नाहीत. नाव तेवढं लागू शकतं. मी ते इथे लिहिलेलं नाही, कारण तिने बजावलंय, "तुझ्या कागदावर नको. तिथं भिंतीवर पायजे."

गर्दी होते म्हणून प्रदर्शनाची मुदत वाढवली आहे. तुम्हीही जाल, फोटो काढाल. जा. पण त्या पाटीसमोर उभे राहा आणि बाईंना विचारा, ही शिवली कोणी? 'परंपरा' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. नाव लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.