माझा प्रश्न पाच

माझ्या तोंडाला लागायला वाडीत कोणी धजत नाही. पण ते तोंड एकदा कसं बंद झालं, ते आज मीच सांगते. हसा खुशाल, चहा तेवढा सांडू नका!

हिरकणीवाडीत माझं घरगुती जेवण. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा. तेव्हा मुंबईच्या मेघना नावाच्या पोरीने रायगडावर येणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक पान काढलं होतं. नुसते प्रश्न आणि उत्तरं. रोपवे कधी सुरू होतो, मुक्काम कुठे करायचा, असे. कोणीही भर घालावी, चुकलं तर सुधारावं. लोक ते पान छापून, कागद हातात घेऊनच यायचे.

चौथा प्रश्न होता, संडासची सोय कुठे? पाचवा, जेवण कुठे? मेघनाने मला महाडच्या सायबरमध्ये बसवून टाइप करायला शिकवलं. पाचव्याखाली मी माझं नाव घातलं. आणि चौथ्याखाली? समोरच्या सुशीलाचं! जेवण तीही करायची हो. पण मी लिहिलं, "सुशीलाच्या घरामागे पक्का संडास आहे." खोटं थोडंच होतं?

मग प्रत्येक उत्तराखाली एका बोटाने टाकत गेले, 'जेवणासाठी पाहा प्रश्न ५.'

मेघना म्हणाली, "मावशी, आकडा हाताने लिहू नका. चौकटी कंसात प्रश्नाचं नाव टाका, दुवा आपोआप जुळतो. उद्या कोणी वर नवीन प्रश्न घातला तर आकडे सरकतील."

"माझी चौथी झालीय गो. पाच म्हंजे पाच. सरकायला तो काय बैल हाय?"

दोन महिने झकास गेले. शेवटच्या आठवड्यात मीच महाडला जाऊन पानावर थोडं लिहून आले, पण तो विषय वेगळा.

मग एक रविवार आला. वीस माणसांचा स्वयंपाक करून बसले, तर माझ्याकडे चिटपाखरू नाही आणि सुशीलाच्या दारात ही रांग! म्हटलं, बिचाऱ्यांची पोटं बिघडली वाटतं. पण पोट बिघडलेला माणूस ढेकर देत बाहेर येतो का?

एकाला अडवला. "काय रे, कुठं गेला होतास?"

"जेवायला, मावशी. कागदावर आहे ना, जेवणासाठी पाहा प्रश्न पाच. पाचात सुशीलाताईंचं नाव. संडासचं काहीतरी लिहिलंय, पण आम्ही म्हटलं छापताना चुकलं असेल."

मी पदर खोचला आणि थेट तिच्या चुलीपाशी.

"सुशीले, माझा पाच पळवलास!"

"मला त्यातलं बटण दाबता येत नाय, मंदे. लोक भूक लागली म्हणाली, मी वाढलं. हाकलू काय? बाजूला सर, भाकरी करपतेय."

सोडते की काय! दुसऱ्या दिवशी तिला एसटीत घातलं आणि महाडला नेलं. सायबरवाल्याला म्हटलं, "चोर दाखव."

तो म्हणाला, "कोणी काय बदललं त्याची यादी असते, काकी." यादी उघडली. सुशीला वाकून मोठ्याने वाचायला लागली.

"नवीन प्रश्न पहिला. गडावर कचरा टाकला तर काय होईल? उत्तर, हिरकणीवाडीच्या मंदाशी गाठ आहे. लिहिणारी, मंदा."

प्लास्टिकच्या पिशव्या बघून डोकं फिरलं होतं हो माझं! रागाच्या भरात सगळ्यात वर लिहून आले होते. सगळे आकडे एकेक घर खाली सरकले. माझं जेवण गेलं सहावर, पाचावर आला संडास.

सुशीलाने खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "जेवणात दोघींची नावं घाल. आणि संडासात पण दोघींची."

घातली. कंस टाकून, नीट दुवे जोडून.

पुढच्या रविवारी पहिलंच गिऱ्हाईक माझ्या दारात उभं! मी लगबगीने पाट मांडला, ताट घेतलं.

"नको मावशी, जेवण समोर झालं," तो म्हणाला. "तुमच्याकडे प्रश्न पाचसाठी आलोय."