कोट पाहून ठरलेली फी

परवा दुपारी रविवार कारंज्याजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो होतो... दुखणं नव्हतं, मजकूर हवा होता. ते गुप्तरोगांवर इलाज करतात, आणि आमच्या साप्ताहिकात त्याबद्दल लिहायचं होतं. लेख संध्याकाळच्या आत छापखान्यात जायला हवा होता.

बोलता बोलता विचारलं, दारावर फीचा फलक कसा नाही? ते म्हणाले, इथे मी कुणाला नाव विचारत नाही, धंदा विचारत नाही. विचारलं तर माणूस पुन्हा येत नाही.

"मग फी ठरवता कशावरून?"

"अंगावरच्या कपड्यांवरून. कोटवाल्याकडून पुरी घेतो, म्हणून फाटक्या सदऱ्याला सुई फुकट देता येते."

मला ते पटलं. उतरवून घेऊ लागलो... आणि पेन्सिल तिथंच थांबली.

आमच्या छापखान्यात दगडू छपाईचे खिळे जुळवतो. पूर्वी मनमाडला रेल्वेत होता, तिथून हे दुखणं घेऊन आला. बायकोलाही लागलं, दोन मुलं जन्मतःच गेली. ती तिसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा या दवाखान्याचा पत्ता मीच दिला. दोघांनी दर आठवड्याला सुया घेतल्या तर हे मूल वाचेल, असं ऐकलं होतं.

फाटक्या सदऱ्यात गेलो तर दारातूनच हाकलतील, असं तो म्हणाला. मी खुंटीवरचा माझा लोकरी कोट काढून त्याच्या अंगात चढवला. आता कुणाची टाप आहे तुला अडवायची, असंही म्हणालो...

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्याच दोघांना पाठवा, काही घेणार नाही.

तसाच छापखान्यात आलो. दगडू म्हणाला, तीन सुयांनंतर जाणं सोडलं, परवडेना. फी कमी करा म्हणायचं होतं, पण असा कोट घालून ते तोंडातून निघेना. बायको बाळंतपणाला विंचूरला माहेरी गेली होती. मी घाईघाईने डॉक्टरांचा निरोप सांगितला.

त्याचा हात खिळ्यांवरच राहिला. "सोमवारी पत्र आलं, अण्णा. पोरगी व्हती. रडलीच नाय." मग म्हणाला, "आता कुणासाठी जाऊ?"

मी लेख पुरा करायला निघालो, तेव्हा त्याने कोट आणून दिला. नीट घडी घातलेला, कागदात गुंडाळलेला. लय उपकार झाले, म्हणाला...

फी कशी ठरते, ते त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही. लेखातून तो परिच्छेद गाळावा असंही वाटलं. पण ठेवला, आणि खाली एक वाक्य वाढवलं... आहात त्याच कपड्यांत जा.

लेख वेळेवर गेला. तो जुळवायला दुसरं कुणी नव्हतं, दगडूनेच जुळवला. प्रूफ हातात आलं तेव्हा त्यात, त्या परिच्छेदातसुद्धा, एकही चूक नव्हती.