वास्तू ऐकत असते

शेजारच्या सुमनकाकू दुपारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. जावई अमराठी, नातवंडं परदेशात. त्यांच्याशी फोनवर बोलता यावं, एवढंच त्यांना हवंय.

आज अमुक केलं तर तमुक होईल, अशी वाक्यं घेतली. खात्री असेल तिथे 'विल', शंका असेल तिथे 'माइट'. काकूंनी मन लावून गाळलेल्या जागा भरल्या. दूध उघडं ठेवलं तर मांजर पिईल, ओल्या फरशीवर धावलं तर मूल पडेल, सगळीकडे 'माइट'. 'औषध वेळेवर घेतलं तर आजोबा बरे होतील' इथे मात्र ठसठशीत 'विल'.

"काकू, दूध उघडं राहिलं तर मांजर सोडतं होय? आणि औषधाने माणूस बरा होईलच, याची खात्री कुठे असते?"

"असेल गं तुझं बरोबर. पण हे मोठ्याने वाचायचंय ना? घरात वाईट ठामपणे बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

मला हसू आलं. मीही परवा मुलाला 'पडशील' म्हणता म्हणता 'जपून' म्हटलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे पेल्यावर चमचा वाजला. अर्धांगवायू झाल्यापासून काका असंच बोलावतात. काकू लगबगीने उठल्या.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी दारापर्यंत जात विचारलं.

"सांगता येत नाही म्हणतात." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "पण ते दवाखान्यात बोलतात. घरात मी बोलते."