युद्ध थांबेल, असं मी सांगितलं

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बारामतीला कॉलेजात होतो तेव्हा सांगवीहून चुलत्यांच्या घरचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. पुढं मी इंदापूरला शिक्षक झालो आणि माती परीक्षणाच्या कागदापासून विम्याच्या अर्जापर्यंत सगळं चुलते मलाच विचारू लागले. मला ते आवडायचं.

त्यांची मुलगी युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. युद्ध पेटलं तशी ती परत आली आणि घरात बसून मोबाइलवर तास करू लागली. पण रुग्णाला हात न लावता डॉक्टर कसं होणार? शेवटी तिच्या कॉलेजनं कळवलं, की उरलेलं शिक्षण जॉर्जिया या देशात पुरं करता येईल, आठवड्यात होकार द्या. अमेरिकेत तेव्हा नुकतीच निवडणूक झाली होती.

चुलत्यांनी मला बोलावून घेतलं. मी पेपरात वाचलेलं सांगितलं: नवा अध्यक्ष लढाई थांबवणार म्हणतोय. साखर कारखान्यात पॅनेल बदललं की अडलेली कामं महिन्यात हलतात, तसंच हे. कशाला पोरीला आणखी एका परक्या देशात धाडायचं?

चुलते हसले. "आरं, हितं कारखाना आपला, चेअरमन आपला. तितं लढणारे दोघं, आन चेअरमन तिसऱ्याच गावचा."

हत्यारं अमेरिकेची, आणि ज्याची हत्यारं त्याचा शब्द चालतो, असं मी म्हणालो. चुलते म्हणाले, तू शिकलेला हायस, तू म्हणतोस तर थांबू.

होकार गेला नाही. नव्या अध्यक्षानं शपथ घेतली. बैठका झाल्या, फोटो आले, लढाई चालूच राहिली. जॉर्जियातली जागा गेली. पुढं मोबाइलवरचे तासही तिनं सोडले. आता ती बारामतीत एका दवाखान्याच्या काउंटरवर केसपेपर लिहिते.

गेल्या महिन्यात आईचा गुडघा दाखवायला तिथं गेलो होतो. गर्दी कमी झाल्यावर मी तिला म्हणालो, माझं चुकलं.

"लढाईचं कुणालाच कळलं नसतं, दादा," ती म्हणाली. "पण तिकडं राहून मी आले होते. जायचं का, हे मला कुणी विचारलंच न्हाय. तूसुद्धा."

तिनं नवा केसपेपर ओढला. दुखणं कधीपासूनचं, ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ती काउंटरवरून वाकून आईलाच विचारत होती, "काकी, नेमकं कुठं दुखतंय?"