उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह

आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कोपरखैरण्याच्या घरात स्वतःच्या हाताने एक ॲम्प्लिफायर बनवलाय. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह त्यात पेटतात. त्यातले दोन छोटे, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. पाहुण्यांची पोरं आली की माझा जीव टांगणीला, कुणीतरी हात लावून भाजून घेणार.

गेल्या वर्षी ह्यांचं टुमणं सुरू झालं, उजवी बाजू दबकी वाजते, व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. झालं, कुठून कुठून जुने व्हॉल्व्ह घरात यायला लागले. मला तर उजवी बाजू चांगली खणखणीत ऐकू यायची. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय कळतंय त्यातलं.

दर रविवारी सकाळी परीक्षा. हे खुर्चीत, समोर स्पीकर, ॲम्प्लिफायर पाठीमागे. कुठला व्हॉल्व्ह लावलाय ते दिसलं की मन फसवतं म्हणे. म्हणून बदलायची हमाली माझी. बंद करा, गरम व्हॉल्व्ह फडक्याने धरून काढा, दुसरा बसवा, पुन्हा तेच गाणं. हे निकाल देणार, मगच मी सांगायचं कुठला होता तो. आणि निकाल काय, तर हाही दबका.

पावण्याच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर ह्यांची सगळी नोकरी झाली. मशीन उजव्या हाताला. कानात बोळे घाला म्हणून मी किती डोकं फोडलं. "आवाज नाही ऐकला तर मशीन बिघडलेलं कळणार कसं?" हे ह्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या रविवारी मी उजवा व्हॉल्व्ह काढला आणि तिकडे दूध उतू गेलं. धावले, गॅस पुसला, चरफडत परत आले आणि सरळ बटण दाबलं. गाणं लागलं, पण नुसतं डावीकडून. उजवा स्पीकर ठार गप्प. बघते तर व्हॉल्व्ह फडक्यात माझ्याच हातात, त्याची जागा रिकामी.

थांबा म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "हा बराय. उजवीकडे जरा दबका आहे, पण मघाच्यापेक्षा बरा. कुठला लावलास?"

"कुठलाच नाही," म्हटलं. ह्यांना ते ऐकू गेलं नाही. शेवटी पुढे जाऊन फडकं उलगडून दाखवलं.

हे उठले. उजव्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग ॲम्प्लिफायर बंद केला, व्हॉल्व्ह माझ्या हातातून घेतला, बसवला, गाणं लावलं आणि मला आपल्या खुर्चीत बसवलं.

"दोन्हीकडून येतंय?"

"येतंय. छान येतंय," मी म्हणाले. इतका संताप आला होता, त्या प्रेसचा, ह्यांच्या हट्टाचा, आणि रडूही फुटत होतं. हे समोर उभं राहून माझ्याकडे बघत होते. मी तेच पुन्हा म्हणाले, अगदी हळू. तेव्हा कळलं, हे माझ्या ओठांकडे बघतायत. डावा कानही चाललाय.

ह्यांनी मान हलवली.

"म्हणजे व्हॉल्व्ह चांगला होता," म्हणाले.