एको बेडा

दादा आखातात गेला तेव्हा त्याने गिटार विकली, पण तिच्याबरोबरची तीन पेडल घरातच राहिली. पायाने दाबायची ती लोखंडी डबडी बिदरमध्ये कुणालाच नको होती. ऑर्केस्ट्रात वाजवताना तो ती पायाशी ओळीने मांडायचा. नारिंगी डबी आवाज फाडायची, निळी त्याला लाटेसारखा हलवायची आणि पांढरी एको द्यायची, म्हणजे वाजवलेलं थोड्या वेळाने पुन्हा ऐकवायची. आई त्यांना टिफिन म्हणे. "तुझे टिफिन उचल गं, झाडायचंय."

अप्पा गावाबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जात, आई अंगणवाडीत. कॉलेजातून आल्यावर दुपारभर घरात मी एकटीच. दादाचा माउथ ऑर्गनही मागे राहिला होता. तो मला आवडण्याचं कारण संगीताशी फारसं संबंधित नव्हतं. तो वाजवताना दोन्ही हातांनी तोंड झाकलं जातं.

माझी शाळा कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची, इंग्रजी. मराठी मी पुस्तकातून शिकले, आणि आमच्या गल्लीत तशी मराठी कुणी बोलत नसे. एकदा नळावर एका बाईला मी म्हणाले, "आपण आधी भरा." त्यानंतर कितीतरी दिवस घागरी घेऊन निघालेल्या बाया एकमेकींना "आपण आधी भरा, मॅडम!" म्हणून हसत होत्या. तेव्हापासून माझं नाव मॅडम पडलं आणि मी नळावर बोलणं सोडलं.

दुपारी मी टेपरेकॉर्डरचा छोटा माइक माउथ ऑर्गनला लावून दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायची. त्याची वायर डब्यांमधून जुन्या मोठ्या रेडिओच्या पाठीत, जिथे पूर्वी रेकॉर्डप्लेयर जोडत, तिथे खुपसायची. आधी मी एको पहिला जोडला आणि नारिंगी डबी त्याच्यानंतर. मग प्रत्येक पडसादही फाटून येऊ लागला, सगळे एकमेकांवर चढून पत्र्यावर गारा पडल्यासारखा गोंधळ झाला. उलट केलं. नारिंगी पहिली, निळी मध्ये, पांढरी शेवटी. आता सूर एकदाच फाटायचा आणि तसाच, नीट, परत यायचा. तरी ओंजळ जराशी उघडली की रेडिओ कर्कश शिट्टी मारायचा. गिटारसाठी केलेल्या डब्यांना हा बारीक आवाज झेपत नसावा. मी नारिंगीचं बटण जेमतेम फिरवू लागले आणि हात घट्ट मिटू लागले. हात हीच चौथी डबी होती.

एको मी संथ ठेवायची. एक ओळ वाजवून थांबायचं. रेडिओतून ती परत यायची. मग पुढची ओळ. पुढे पुढे डब्या न जोडताही मी प्रत्येक ओळीनंतर थांबू लागले.

शेजारचे काका चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात गायचे. एप्रिल लागला तसे ते दारात आले. "अक्का, भिंतीपल्याड बाजा कोण वाजवायलंय? तूच न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

"मग जयंतीला ये. आमचा बँजोवाला सोलापूरच्या पार्टीत पळालाय."

मी हो म्हटलं, ते कलाकार व्हायचं म्हणून नव्हे. त्यानंतर नळावर कुणीतरी मला मॅडम सोडून दुसरं काही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

जयंतीच्या दुपारी शाळेच्या मैदानात स्टेज बांधून झालं होतं. मी डब्या मांडल्या, वायरी हलू नयेत म्हणून फळीला चिकटवत होते. काका पेटी उघडून बसले आणि म्हणाले, "तुझी पट्टी कोणची गं?"

मी हातातली चिकटपट्टी त्यांना दिली.

ढोलकीवाला आडवा पडून हसला. "काका, गळा फाटलाय तुमचा, चिकटवून घ्या म्हणायलीय!"

"गप रे," काका म्हणाले, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. "पट्टी म्हंजे सूर, माय. पेटीवर कोणची पट्टी धरून वाजवतीस?"

"सी," मी म्हणाले.

"सी? मिरची खाल्लीस व्हय?" ढोलकीवाला.

काकांनी मला एक सूर वाजवायला लावला आणि पेटीवर तो शोधला. पांढरी एक पट्टी निघाली. ते काळी दोनमध्ये गायचे, म्हणजे बरंच वर. पेटीवर खालची पट्टी धरत ते म्हणाले, "तुझा बाजा काय वर चढंना. मीच खाली उतरतो."

मग मी डब्या चालू करून पहिली ओळ वाजवली. ती भोंग्यातून समोरच्या शाळेच्या भिंतीवर आदळून परत आली, मागून पांढऱ्या डबीतली आली, ती पुन्हा भिंतीवरून आली. साउंडवाला कानडी होता. तो खांबाजवळून ओरडला, "अक्का, एको बेडा! मैदान खुद एको मारता!"

बेडा म्हणजे नको, एवढं कानडी मला येत होतं. तरी मी पाय हलवला नाही. "बेडा, बेडा!" तो पुन्हा ओरडला. मी पांढरी डबी दाबली. तिचा लाल दिवा विझला.

संध्याकाळी पुढच्या रांगेत नळावरच्या सगळ्या बाया होत्या. काकांनी खालच्या पट्टीत सुरुवात केली तसं मागून कुणी ओरडलं, "काका, जेवला न्हाईत का?" ते तसेच गात राहिले. माझी वेळ आली. एक ओळ वाजवून मी सवयीने थांबले. काहीच परत आलं नाही. ढोलकीवाला माझ्याकडे बघू लागला. दुसऱ्या ओळीनंतर मी पुन्हा थांबले, तेव्हा काकांनी त्या जागेत धृपद घातलं आणि तिसऱ्या वेळी समोरच्या लोकांनीच ते म्हटलं. ठरवून ठेवल्यासारखं झालं ते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ओंजळीआडून विझलेल्या दिव्याकडे बघत होते.

सकाळी नळावर गेले. "बाजेवाली आली, सरका गं," एक बाई म्हणाली आणि तिने तिची घागर बाजूला ओढली. "भर तू आधी."

मी घागर लावली. आता काहीतरी बोलायला हवं होतं. कुणी पुढचं बोलेल म्हणून मी थांबले. फक्त पाण्याचा आवाज. घागर भरली तेव्हा मी त्यांच्यासारखं बोलायचं ठरवून म्हणाले, "जायलेय मी."

"अगं, जायलेय न्हवं," ती बाई म्हणाली. "निघताना येते म्हनावं."

हे तर मला घरातही शिकवलेलं होतं. "येते," मी म्हणाले.

"व्हय, ये."

घरी कुणी नव्हतं. घागर ओट्यावर ठेवली आणि तो शब्द मी हलक्या आवाजात पुन्हा एकदा म्हणून पाहिला.