मागची भिंत

कुणी हे वाचलंच, तर चुकलेल्या वेलांट्यांना आणि वाकड्या अक्षराला हसू नये. मी चौथीपर्यंतच शिकले. बोलणं मला त्याहून अवघड जातं, म्हणून लिहिते.

आमच्या घराच्या भिंती तीन तऱ्हेच्या आहेत. पुढची कुडाची, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. बाजूच्या दोन्ही पत्र्याच्या. मागची सिमेंटच्या बोर्डांची, कारण समुद्राकडचा पाऊस तिच्यावरच आपटतो.

माझे मालक बोईसरला कंपन्यांच्या शेडना असे बोर्ड बसवायचे. मागचा कूड दर पावसाळ्यात ढासळायचा, म्हणून त्यांनी मुकादमाकडून उधारीवर बोर्ड आणले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवले. सांध्यांत पुट्टी भरायला लोखंडी पत्ती नव्हती, म्हणून बोटानेच भरली. खाली जमिनीपासून चार बोटं फट ठेवली आणि तिला जाळी लावली.

सासूला ती फट बघवेना. "साप काय दारातूनच येल?"

"आये, ही भिंत खालून पाणी पिते. तिचे पाय सुके ठेव, मंग ती तुज्याहून जास्त जगंल."

"जगू दे. पण म्हातारपणी तिला लिंपायला लावू नका, म्हंजे झाला."

ते खूप हसले. पुढच्या उन्हाळ्यात काविळीने गेले.

दिवाळीच्या आधी मी वाणगावला मिरची तोडायला गेले होते, तिथेच राहायची. परत आले तर सासूने कुडासारखीच ती भिंतही खालून लिंपून ठेवली होती. फट शेणमातीने पक्की बुजवलेली. सुजलेल्या हातांनी एकटीने केलं होतं. म्हणाली, "तो नाय, मंग त्याच्या घराला कोण बघणार?" तिच्यासमोर ते लिंपण खरवडणं माझ्याने झालं नाही.

पावसाळ्यात बोर्डांचा खालचा भाग फुगला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे थर निघू लागले.

मुकादम बघायला आले. सगळे बोर्ड काढून पत्रा मारू, स्वस्तात होईल, असं म्हणाले. मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी बोलले.

"पत्रा नको. बाजूचा बघा."

बाजूच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने आणि कंपन्यांच्या धुराने भोकं पडली होती. तो तर बोर्डांच्या जेमतेम एक वर्ष आधी लावलेला. मुकादमांनी बोर्डावर वरपासून खालपर्यंत टकटक केलं. वर टणक होता, फक्त खाली बसका आवाज येत होता. मग त्यांची नजर सांध्यातल्या बोटाच्या खुणांवर गेली. त्यांनी वीतभर खालचा भाग कापून टाकला, खाली विटांचा थर दिला आणि मध्ये पुन्हा फट ठेवली. विटांचे पैसे मी जुन्या उधारीतच धरायला सांगितले.

कूड मी दरवर्षी लिंपते. त्यावरचे माझे हात दरवर्षी नव्या लिंपणाखाली जातात. यांचं बोट तसंच आहे. त्या भिंतीला मी रंग लावू देत नाही.

यंदा मिरचीचा हंगाम संपल्यावर मी बोईसरला जाऊन उधारीचे उरलेले सगळे पैसे मुकादमांच्या हातात दिले. घरी येऊन सासूला सांगितलं.

ती म्हणाली, "त्याला सांगितलास?"

मी मागे गेले, सांध्यातल्या खुणेत बोट ठेवलं आणि म्हटलं, "फिटले."